टेबलावरचा मोग आणि संगणकातला मोग

नाटकांना पार्श्वसंगीत करण्याच्या कामात सिंथेसायझर गेली बारा वर्षे माझ्या हाताशी आहे, आणि त्यातली पहिली नऊ वर्षे मी केवळ संगणकातल्या वाद्यांवर काढली. तीन वर्षांपूर्वी मी बेहरिंगर कंपनीचा 'मॉडेल डी' हा टेबलावर ठेवण्याचा ॲनालॉग, म्हणजे आकडेमोडीऐवजी विजेच्या मंडलांतून ध्वनी घडवणारा, सिंथेसायझर घेतला. आर्टुरिया कंपनीचे 'मिनी व्ही' हे वाद्य संगणकात आधीपासून होतेच. ही दोन्ही एकाच मूळ वाद्याची, म्हणजे १९७० साली अमेरिकेत तयार झालेल्या मिनीमोगची, रूपे आहेत. त्यामुळे प्रत्यक्ष यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्या तुलनेसाठी याहून चांगली जोडी मला मिळाली नसती. दोन्ही वाद्ये मी जवळजवळ रोज वापरतो, आणि ती कोणी का घ्यावीत किंवा घेऊ नयेत याविषयीचे माझे मत येथे मांडतो आहे.

आधी नावाविषयी दोन शब्द. मराठीत हे नाव बहुतेक जण 'मूग' असे वाचतात, परंतु मोग सिंथेसायझरचे जनक रॉबर्ट मोग स्वतः आपल्या आडनावाचा उच्चार 'मोग' असाच करीत. गोव्यात 'मोग' म्हणजे प्रेम, आणि या वाद्याविषयी बोलताना कोकणीतला हा शब्द मला नेहमी आठवतो.

मिनीमोगच्या आधीचे मोग सिंथेसायझर हे कपाटाएवढे असत आणि त्यांचे भाग एकमेकांना वायरींनी जोडावे लागत. तसला एक संच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभा केला होता, म्हणजे आपल्या देशाशी या वाद्याचा संबंध बराच जुना आहे. मिनीमोगने वायरींचा तो पसारा काढून टाकला. मूळ स्वर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर, त्यांची पातळी ठरवणारा मिक्सर, त्यापुढे ध्वनीतला काही भाग गाळणारा फिल्टर आणि शेवटी ध्वनीची पातळी सांभाळणारा भाग, अशी साखळी आतूनच कायमची जोडून टाकली, ४४ पट्ट्यांचा कीबोर्ड बसवला, आणि डाव्या हाताशी दोन चाके दिली, एक स्वर वरखाली सरकवण्यासाठी आणि दुसरे कंपन कमीजास्त करण्यासाठी. ही दोन चाके पुढे जगभरच्या कीबोर्डांवर रूढ झाली. १९८१ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते. सुरुवातीला १,४९५ डॉलरला मिळणारे हे वाद्य २०२२ मध्ये मूळ कंपनीने पुन्हा काढले तेव्हा त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. आपल्याकडच्या हौशी किंवा प्रायोगिक रंगभूमीवर काम करणाऱ्या कोणालाही ती परवडणारी नाही, आणि म्हणूनच २०१८ च्या सुमारास मूळ मांडणी बऱ्याच अंशी तशीच ठेवून, तीनशे डॉलरच्या आसपासच्या किमतीत आलेला बेहरिंगरचा मॉडेल डी माझ्यासारख्यांच्या आवाक्यात आला.

या यंत्राला पट्ट्या नाहीत आणि चाकेही नाहीत. चित्रे पाहून मागवणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे. ही केवळ नॉब आणि स्विच असलेली एक चपटी पेटी आहे. वाजवण्यासाठी वेगळा मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली हे दुसऱ्या वाद्याला कळवणारा कीबोर्ड) लागतो, आणि ध्वनी संगणकात घ्यायचा तर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करणारी पेटीही लागते. एका वेळी एकच स्वर वाजतो. मूळ वाद्यात कंपन देण्यासाठी तिसरा ऑसिलेटर खर्ची घालावा लागे. येथे त्यासाठी मंद गतीचा वेगळा ऑसिलेटर (एलएफओ) दिला आहे, ही सोय मला फार मोलाची वाटते. पण जुळवलेला ध्वनी साठवून ठेवण्याची सोय यात अजिबात नाही, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

यंत्र चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे मी त्याला तसेच तापू देतो. ॲनालॉग ऑसिलेटरमध्ये नियंत्रणाचा विद्युतदाब एका व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो, आणि हे गणित साधणारे ट्रान्झिस्टर तापमानाला संवेदनशील असल्यामुळे गार यंत्र सुरात लागत नाही. मग तानपुऱ्याचा षड्ज लावून मी पहिला ऑसिलेटर मिळवतो, आणि त्याच्याशी दुसरा व तिसरा जुळवतो. तानपुऱ्याची जोड मिळवलेल्या कोणालाही हे काम शिकवावे लागत नाही. दोन स्वर जवळ येऊ लागले की त्यांच्यातली थरथर मंदावत जाते आणि पूर्ण जुळले की थांबते. फरक इतकाच की येथे मी ती पूर्ण थांबू देत नाही. तिसरा ऑसिलेटर केसभर चढा ठेवला, तर सुमारे दोन सेकंदांत एक अशी सावकाश लाट ध्वनीत फिरत राहते, आणि मोगचा म्हणून जो भरदार, जिवंत आवाज ओळखला जातो त्याचा मोठा भाग या लाटेतून येतो.

संगणकातल्या वाद्यात हे होत नाही, असे अनेक जण ठामपणे सांगतात. ते खरे नाही. मिनी व्हीमध्येही तीन ऑसिलेटर असेच किंचित वेगळे लावता येतात आणि तीच लाट मिळते. सर्ज एक्सटी या मोफत आणि मुक्तस्रोत वाद्यात तर ऑसिलेटरचा सूर आपोआप किंचित ढळता ठेवण्यासाठी वेगळी सोयच आहे. मी एकदा मिनी व्ही आणि मॉडेल डी या दोघांवर एकच चाल वाजवून, आवाजाची पातळी काटेकोर सारखी करून, आमच्या गटातल्या ध्वनिसंयोजकाला आणि शास्त्रीय गायन शिकलेल्या एका अभिनेत्रीला ती न सांगता ऐकवली. खर्जातला लांब स्वर ऐकून दोघांनाही यंत्र कोणते आणि संगणक कोणता हे सांगता आले नाही. फिल्टरचा कटऑफ म्हणजे ज्याच्या वरचा ध्वनी तो गाळतो ती मर्यादा, आणि रेझोनन्स म्हणजे त्या मर्यादेजवळच्या ध्वनीला दिलेला उठाव. रेझोनन्स वाढवून कटऑफ झपाट्याने वर नेला तेव्हा मात्र दोघांनी यंत्र ओळखले, आणि तारसप्तकातल्या करवती लहरीच्या स्वरांतही एकाने ओळखले.

तारसप्तकात संगणकाची परीक्षा का होते याचे कारण गणितात आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. करवतीच्या दात्यांसारखी लहर असलेल्या ध्वनीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सर्व कंपनसंख्या असतात. संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असेल, तर २२,०५० हर्ट्झच्या वरचे काहीही त्याला मांडता येत नाही. ते खाली दुमडून परत येते. १,७६० हर्ट्झच्या स्वराची चौदावी पट २४,६४० हर्ट्झ होते आणि काळजी घेतली नसेल तर ती १९,४६० हर्ट्झवर येऊन पडते. हा आकडा १,७६० च्या कोणत्याच पटीत बसत नाही, म्हणून तो मूळ स्वराशी विसंवादी असतो. अशा अनेक दुमडलेल्या स्वरांची जी काचेरी किनार तयार होते, तिच्यामुळे जुनी सॉफ्टवेअर वाद्ये कानाला टोचत. आजची चांगली वाद्ये आतल्या आत अनेक पट अधिक नमुने घेऊन, वरचे सर्व गाळून मग ध्वनी बाहेर देतात, त्यामुळे ही किनार जवळपास नाहीशी होते. पण त्यासाठी संगणकावर भार पडतो, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर उच्च दर्जाच्या मांडणीत मिनी व्हीच्या चार-पाच प्रती एकाच वेळी लावल्या की पंखा इतका जोराने फिरू लागतो की शेजारी मायक्रोफोन ठेवणे अशक्य होते.

फिल्टरचे प्रकरण याहून नाजूक आहे. ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचून मोग यांनी जो फिल्टर केला, त्याचे पेटंट त्यांना १९६९ साली मिळाले. कटऑफच्या वर प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलने ध्वनी उतरवणारा हा फिल्टर, त्यात जोराचा ध्वनी सोडला की किंचित दबतो आणि गोलसर होतो, आणि रेझोनन्स वाढवला की खर्ज मागे सरकतो. वाजवणारा माणूस या दोन्ही गोष्टींशी हाताने झटत असतो: ऑसिलेटरची पातळी थोडी वाढवायची, रेझोनन्स थोडा मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचे. मिनी व्हीने हे वागणे फार चांगले उचलले आहे. तरीही माझ्या कानाला यंत्रातला फिल्टर टोकाच्या जागी अधिक मोकळा वाटतो. पूर्ण वाद्यमेळात, संवादांच्या खाली, नाट्यगृहाच्या स्पीकरमधून हा फरक ऐकू येईल का? माझ्या अनुभवात येत नाही. केवळ 'उबदार आवाज' मिळेल म्हणून कोणी यंत्र घेणार असेल, तर त्याने पैसे वाचवावेत असेच मी सांगेन. शिवाय ध्वनिमुद्रण करताना यंत्राचा आवाजही शेवटी इंटरफेसमधून आकड्यांतच जाणार असतो.

मग मी ते का ठेवले आहे? तालमीत माझे डोळे नटावर असावे लागतात, हे त्याचे उत्तर आहे. गेल्या वर्षीच्या एका एकांकिकेत एक म्हातारा दार उघडण्यासाठी उठतो आणि अर्ध्या वाटेत थांबतो, असा प्रसंग होता. त्या थांबण्याच्या आधी स्वराने हळूहळू झाकोळून जावे असे दिग्दर्शकाला हवे होते, आणि तो नट रोज वेगळ्या जागी थांबत असे. मॉडेल डीवर माझी उजव्या हाताची करंगळी मंद्र पंचमावर आणि डावा हात कटऑफच्या नॉबवर असे. तो नॉब कोठे आहे हे बघावे लागत नव्हते, तो किती फिरला हे बोटांना कळत होते, आणि नटाचा खांदा ज्या क्षणी सैल पडे त्या क्षणी माझे मनगट वळे. हेच मी मिनी व्हीवर आठवडाभर करून पाहिले होते. पडद्यावरचा नॉब माउसने फिरवायचा तर डोळे पडद्यावर जातात. मिडी कीबोर्डवरचा नॉब जोडून घेतला तर काम होते, पण दुसरे वाद्य उघडताच त्या नॉबचे काम बदललेले असते आणि हाताला कोणतीच जागा पाठ होत नाही. हार्मोनियम वाजवणारा भात्याकडे बघत नाही. तशी सवय जडायला वाद्याची प्रत्येक गोष्ट वर्षानुवर्षे एकाच जागी असावी लागते.

मींडेच्या बाबतीतही हे जाणवते. मिनीमोगच्या मांडणीत 'ग्लाइड' हा नॉब आहे. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना स्वर किती वेळात सरकावा हे तो ठरवतो. मूळ वाद्याची रीत अशी की पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली तर ध्वनीचा आघात पुन्हा होत नाही, आणि दोन्ही स्वर एकाच श्वासात येतात. गाण्याच्या अंगाने वाजवणाऱ्याला ही रीत वरदानासारखी आहे. ग्लाइड दोन्ही रूपांत आहे. पण यंत्रावर मी वाक्याच्या मध्येच, पुढच्या स्वराकडे जाण्याआधी, ग्लाइड कमीजास्त करतो, म्हणजे एक मींड लांब आणि तिच्या मागची तुटक येते. संगणकात असे करण्याचे माझ्या मनातही येत नसे, यंत्र आल्यावर ते सुचले. यंत्राच्या सरकत्या स्वरातून काय उभे राहू शकते याचा पुरावा मुंबईतच आहे: चित्रपटसंगीतात वादन करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडचे टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले, आणि पुढे जगात ज्या नृत्यसंगीताला 'ॲसिड' म्हटले गेले त्याच्या ध्वनीशी त्या ध्वनिमुद्रणाचे साम्य पाहून श्रोते आजही थक्क होतात. टीबी-३०३ आणि टीआर-८०८ यांची सॉफ्टवेअरमधली पहिली गाजलेली प्रतिकृती १९९७ साली आली.

आता संगणकाच्या बाजूने, आणि येथे मी अधिक ठामपणे बोलणार आहे. 'तिसऱ्या तालमीत होता तोच आवाज दे,' असे दिग्दर्शक म्हणतो तेव्हा मॉडेल डी पूर्णपणे निरुपयोगी ठरतो. त्याला स्मरणशक्ती नाही, आणि त्याच्या नॉबची स्थिती संगणकालाही कळत नाही. मी प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी मोबाइलवर यंत्राचे छायाचित्र काढतो आणि वहीत नोंद करतो. तरीही कटऑफ एका रेषेने इकडेतिकडे झाला की तो आवाज परत येत नाही. मिनी व्हीमध्ये तोच आवाज नाव देऊन ठेवला की दोन वर्षांनीही जसाच्या तसा उघडतो. राज्य नाट्य स्पर्धेसारख्या ठिकाणी, जेथे मंच हाती येण्याचा वेळ मोजका असतो आणि एका अंकात वीस-पंचवीस वेगवेगळे ध्वनी लागतात, तेथे याला पर्याय नाही. स्पर्धेत मी यंत्राचा आवाज आधी मुद्रित करून नेतो. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण नटाबरोबर श्वास घेण्याचा जो गुण मी वर सांगितला तो त्यात हरवतो.

दुसरा मुद्दा श्रुतींचा, आणि मराठी वाचकाला तो सांगावा लागू नये. हार्मोनियमच्या समान अंतरांच्या बारा स्वरांवर आपल्याकडे किती वाद झाला हे सर्वश्रुत आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये या वाद्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत चालली. सिंथेसायझरच्या पट्ट्यांत तोच दोष आहे. समान विभागणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सप्तकाचे १२०० सेंट धरतात) येतो, आणि तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ वर असतो. धैवत ९०० ऐवजी ८८४ वर, निषाद ११०० ऐवजी १०८८ वर. साध्या मिडी कीबोर्डने वाजवताना मॉडेल डीत याला उपाय नाही. सर्ज एक्सटीत मात्र 'स्काला' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आपण ५/४, ५/३, १५/८ अशी गुणोत्तरे लिहून स्वर हवे तेथे बसवू शकतो, आणि षड्ज काळी एकवर ठेवायचा की पांढरी चारवर हेही ठरवू शकतो. भूपाच्या सुरावटीसाठी मी अशी फाइल केली आणि तानपुऱ्यावर गंधार धरून ठेवला, तेव्हा खोलीतल्या अभिनेत्रीने काही न सांगता आपोआप त्याच्यात सूर मिसळला. समान विभागणीच्या गंधारावर ती अडखळली होती. दरबारीच्या आंदोलित गंधाराला अर्थातच कोणतीही फाइल पुरी पडत नाही; तेथे चाक आणि हात लागतातच. तरी पूर्ण मोफत मिळणारे एक वाद्य हे करू शकते आणि महागड्या यंत्रांपैकी कितीतरी करू शकत नाहीत, ही गोष्ट आपल्या संगीतशाळांतून शिकवली जावी असे मला मनापासून वाटते.

संगणकावर वाजवताना उशिराचा प्रश्न राहतो. इंटरफेसचा बफर, म्हणजे ध्वनी बाहेर पडण्याआधी साठवून ठेवण्याची जागा, ५१२ नमुन्यांचा असेल तर ४४,१०० च्या दराने एकट्या बफरमुळेच सुमारे ११.६ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि द्रुत लयीत बोटाला तो जाणवतो. १२८ वर आणला की तो ३ मिलिसेकंदांच्या आत येतो, पण कमी ताकदीच्या संगणकात आवाज तुटू लागतो. चांगला इंटरफेस घेतल्यावर हा प्रश्न माझ्यापुरता संपला. परवान्यांचा प्रश्न संपला नाही. एका प्रयोगाच्या दिवशी, पडदा उघडण्यास चाळीस मिनिटे असताना, एका कंपनीचे वाद्य परवान्याची पुन्हा पडताळणी मागू लागले आणि रंगपटात इंटरनेट नव्हते. त्या वाद्यावर चार प्रवेश अवलंबून होते. शेजारच्या चहाच्या दुकानाबाहेर उभे राहून मोबाइलवरून जोडणी मिळाली म्हणून प्रयोग झाला. तेव्हापासून प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात मी लॅपटॉपवर कोणतेही अद्ययावतीकरण होऊ देत नाही, आणि प्रत्येक ध्वनीची मुद्रित प्रत वेगळी ठेवतो.

यंत्राचे आजार वेगळे. मुंबईच्या पावसाळ्यात नॉब फिरवताना खरखर येऊ लागते. दमट हवा हे त्याचे कारण, आणि लॅमिंग्टन रोडवर मिळणारा काँटॅक्ट क्लीनर हे त्यावरचे औषध. जून ते सप्टेंबर मी यंत्र झाकून, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून ठेवतो. त्याचा अडॅप्टर बाहेरचा आहे आणि तो विसरला तर यंत्र मृतवत होते, म्हणून दौऱ्याच्या पेटीत त्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर कायम असतो.

ज्याच्याकडे आज काहीच नाही त्याने सर्ज एक्सटीपासून सुरुवात करावी, आणि पैसे प्रथम चांगल्या इंटरफेसवर व दोन चाके असलेल्या कीबोर्डवर घालावेत. ज्याला मोगचाच आवाज हवा आहे आणि जो स्पर्धा, मालिका किंवा ध्वनिमुद्रण अशी ठरलेल्या वेळेत परत परत तोच ध्वनी लागणारी कामे करतो, त्याला मिनी व्ही पुरे आहे. त्यात एका वेळी अनेक स्वर वाजतात, हा मॉडेल डीला न परवडणारा गुण आहे. जो समोरच्या माणसाबरोबर, नटाबरोबर, नर्तकीबरोबर किंवा गायकाबरोबर, त्या क्षणी वाजवतो त्याने मात्र मॉडेल डी घ्यावा, कारण त्या कामात मला त्याची बरोबरी करणारे संगणकात काही मिळालेले नाही.

जुना घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास बसण्याची तयारी ठेवा. यंत्र वीस मिनिटे तापू द्या, मग एकेक ऑसिलेटर एकटा लावून मंद्र, मध्य आणि तार षड्ज मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासा. मध्य षड्ज बरोबर आणि तार षड्ज उतरलेला असेल तर आतली जुळणी करावी लागणार आहे, आणि ते काम करणारा जाणकार तुमच्या गावात आहे का याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करा.